हरकत फेटाळली गेली, आता पुढच्या प्रभाग रचनेआधी काय करायचं?

प्रश्न असा आला आहे. पुण्याच्या महंमदवाडी-उंड्री बाजूच्या एका गृहनिर्माण सोसायटीचे सचिव विचारतात : "आमच्या ३८० सदनिका. ताबा २०१६ नंतरचा. २०२५ च्या प्रारूप प्रभाग रचनेत आम्ही ज्या प्रभागात गेलो, त्यातलं आमचं काहीच नाही. मुलांची शाळा, दवाखाना, भाजी, सगळं रस्त्यापलीकडे, आणि तो भाग शेजारच्या प्रभागात. आम्ही २१० सह्यांची हरकत दिली, सुनावणीला गेलो, दोन मिनिटं बोललो. अंतिम रचनेत बदल नाही. 'लोकसंख्येचा समतोल आणि नैसर्गिक सीमा' एवढंच कारण कळलं. कोणी वाचलं तरी का? आता सभागृहात निवडून आलेले नगरसेवक आहेत, तर मुख्य सभेत ठराव करून सीमा बदलून घेता येईल का? आणि पुढच्या वेळी काय वेगळं करायचं?"

आधी सह्यांचं सांगतो, कारण तिथेच बहुतेक सोसायट्यांची शक्ती वाया जाते. दोनशे दहा सह्या म्हणजे एक हरकत. त्याच मजकुराचे दोनशे दहा वेगवेगळे अर्ज आले तरी त्यांचा गठ्ठा एकत्र बांधला जातो आणि त्यावर अभिप्राय एकच लिहिला जातो. २०२५ मध्ये पुण्यात ५,९२२ हरकती आणि सूचना आल्या. त्यातला फार मोठा भाग छापील मजकुराचा, खाली नाव आणि पत्ता तेवढा बदललेला. निवडणुकीच्या कामात नकाशे आणि अभिप्राय या दोन्ही टेबलांवर मी बरीच वर्षं काढली आहेत. असा गठ्ठा समोर आला की पहिला कागद वाचतात, बाकीचे मोजतात. तेव्हा तुमची हरकत वाचली गेली असणारच. प्रश्न एवढाच, की वाचणाऱ्याला तिच्यात करण्यासारखं काही सापडलं का.

हे काम चालतं कसं ते नीट बघा. प्रारूप महापालिका आयुक्तांच्या पातळीवर तयार होतं. ते नगरविकास विभागामार्फत राज्य निवडणूक आयोगाकडे जातं आणि मान्यता मिळाली की प्रसिद्ध होतं. यावेळी २२ ऑगस्ट २०२५ ला झालं आणि ४ सप्टेंबरपर्यंत हरकतींना मुदत होती. मध्ये गणपती. (पुण्यात गणपतीच्या दिवसांत सोसायटीची सभा बोलवून ठराव करणं म्हणजे काय असतं, ते तुम्हाला सांगायला नको.) सुनावणी शासनाने नेमलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांसमोर बालगंधर्व रंगमंदिरात झाली. त्या अधिकाऱ्यांसमोर दोन कागद असतात : तुमची हरकत, आणि तिच्यावर महापालिकेने लिहिलेला अभिप्राय. तुम्ही बोलायला उभे राहता तेव्हा तो अभिप्राय लिहून झालेला असतो. क्षेत्रीय कार्यालयातला माणूस जागेवर जाऊन आलेला असतो, नकाशावर पेन्सिल फिरलेली असते. म्हणून दोन मिनिटांत काय बोललात याला महत्त्व कमी आणि आठवडाभर आधी कागदावर काय दिलंत याला जास्त. सुनावणीत निकाल फिरतो तो बहुधा अभिप्रायात काही ठळक चूक असेल तेव्हाच : नाला आहे असं लिहिलंय आणि तिथे नाला नाही, किंवा वस्तीचं नाव भलत्याच प्रभागाच्या व्याप्तीत पडलंय, अशा प्रकारची.

आता अभिप्राय लिहिणारा काय तपासतो? त्याच्यासमोर शासनाचा आदेश असतो, १० जून २०२५ चा, आणि त्यात निकष ठरलेले असतात. रचना उत्तरेकडून सुरू करून ईशान्य, पूर्व असं सरकत पश्चिमेकडे यायचं आणि दक्षिणेत संपवायचं, क्रमांकही त्याच ओघाने. म्हणून कळस-धानोरीकडे क्रमांक १ आणि तुमच्याकडे ४१. प्रभागाची लोकसंख्या सरासरीच्या दहा टक्के वर-खाली चालेल, त्यापलीकडे शक्यतो नाही. सीमा नदी, नाला, रेल्वे, मोठा रस्ता, उड्डाणपूल यांवरून जावी. अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्या फोडू नयेत. आणि प्रगणक गट, म्हणजे जनगणनेत एका प्रगणकाला मोजायला दिलेला वस्तीचा तुकडा, शक्यतो तोडू नये. "आमची शाळा पलीकडे आहे" याला या चौकटीत जागा आहे, पण अगदी खालची. नागरिकांच्या सोयीच्या संस्था शक्यतो त्याच प्रभागात याव्यात असं म्हटलेलं असतं. "शक्यतो" हा शब्द आदेशात आला, की समजा लोकसंख्या आणि नकाशा यांच्यापुढे ती अट हरणार.

आकडे हातात घेऊन बघू. महापालिकेची हिशोबातली लोकसंख्या ३४,८१,३५९, म्हणजे २०११ च्या जनगणनेतली, नंतर आलेल्या गावांची त्यात मिळवून आणि बाहेर गेलेली फुरसुंगी व उरुळी देवाची वजा करून. कायद्याप्रमाणे तीस लाखांवर किमान १६१ सदस्य आणि पुढच्या प्रत्येक लाखाला एक, म्हणून १६५. चारच्या पटीत १६५ बसत नाहीत, म्हणून चाळीस प्रभाग चार सदस्यांचे आणि ३८ क्रमांकाचा, आंबेगाव-कात्रज बाजूचा, एकटा पाच सदस्यांचा. एका सदस्यामागे साधारण २१,०९९ माणसं. चार सदस्यांच्या प्रभागाची सरासरी ८४,३९७ च्या आसपास, आणि दहा टक्क्यांची मुभा धरली तर खालची मर्यादा ७५,९५७ आणि वरची ९२,८३६. हे दोन आकडे घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा असं मी हरकतीच्या दिवसांत लोकांना सांगत होतो. हरकत या दोन आकड्यांच्या आत बसते की नाही, हे अभिप्राय लिहिणारा पहिल्या पाच मिनिटांत बघतो.

समजा, तुम्ही आज आहात त्या प्रभागाची लोकसंख्या ७६,४०० आहे आणि जायचंय त्याची ९०,१००. तुम्ही म्हणता, रस्त्याच्या या बाजूची बाराशे माणसं तिकडे द्या. तिकडे अडचण नाही, ९१,३०० होतील. पण इकडे ७५,२०० उरतात, म्हणजे खालची मर्यादा मोडली. ती भरून काढायला तिसऱ्या प्रभागातून माणसं आणायची, मग त्या तिसऱ्याचं बिघडतं, आणि क्रमांक उत्तरेकडून दक्षिणेकडे येत असल्याने तुमच्यासारख्या टोकाच्या प्रभागाला ढकलायला पुढे जागाच नसते. इथे अभिप्राय लिहिणारा "लोकसंख्येचा समतोल" लिहून पुढच्या कागदाकडे वळतो. त्यात आळस असतोच असं नाही. तीन प्रभागांचं गणित त्याने तुमच्यासाठी सोडवावं ही अपेक्षा आपण धरतो, आणि त्याच्या टेबलावर तसल्या शेकडो हरकती असतात.

पण तुमच्या बाबतीत यात एक फार मोठी फट आहे, आणि तुमच्या हरकतीत तिचा उल्लेखही नव्हता. तुमच्या इमारतींचा ताबा २०१६ नंतरचा. २०११ साली तिथे काय होतं? शेत असेल, एखादी वीटभट्टी असेल, दोन-चार घरं असतील. उंड्री तेव्हा महापालिकेत नव्हतं, ते आलं ऑक्टोबर २०१७ मध्ये, अकरा गावांपैकी एक म्हणून. म्हणजे तुमच्या ३८० सदनिकांतली हजार-बाराशे माणसं या हिशोबात नाहीतच. तुमची जागा ज्या प्रगणक गटात पडते, त्याची २०११ ची लोकसंख्या समजा २१२ असेल. तर तो अख्खा गट हलवल्यावर ७६,४०० चे ७६,१८८ होतात आणि ९०,१०० चे ९०,३१२. दोन्ही मर्यादांच्या आत. समतोल बिघडत नाही. नव्या सोसायट्यांना लोकसंख्येचं कारण देऊन परत पाठवलं जातं तेव्हा पुष्कळदा कोणी हा गटाचा आकडा काढून बघितलेलाच नसतो. अर्जदारानेही नाही आणि उत्तर देणाऱ्यानेही नाही. अर्जदार उलट अभिमानाने लिहितो, "आमच्याकडे हजारावर मतदार आहेत," आणि स्वतःच्याच हरकतीत अडथळा घालून ठेवतो.

मतदारसंख्येचा मुद्दा हरकतीत कधीच आणू नका. रचना लोकसंख्येवर होते, आणि लोकसंख्या म्हणजे ज्या शेवटच्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध झालेत तीच. संविधानातच तशी व्याख्या आहे. यातून किती विचित्र चित्र तयार होतं ते बघायचं तर एवढंच पुरे : २०११ च्या आकड्यावर शहराची लोकसंख्या पावणेपस्तीस लाख, आणि जानेवारी २०२६ च्या मतदानाच्या यादीत मतदार त्याहूनही जास्त. मुलं धरून जेवढी माणसं कागदावर, त्यापेक्षा अठरा वर्षांवरची जास्त. पाषाण-बाणेर-सूस पट्ट्यात मतदार दीड लाखाच्या पुढे गेले आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला अप्पर इंदिरानगरच्या प्रभागात साठ-पासष्ट हजारांवर थांबले, तरी कागदावर दोन्ही प्रभाग "समतोल". यात अन्याय आहे का? आहे. बाणेरच्या मतदाराचं मत अप्परच्या मतदाराच्या निम्म्याहून कमी वजनाचं ठरतं. पण हा अन्याय हरकतीच्या टप्प्यावर सुटणारा नाही. तिथल्या अधिकाऱ्याला जनगणना सोडून दुसरा आकडा हातात घेण्याचा अधिकारच नाही.

दुसरं कारण होतं नैसर्गिक सीमा. इथे मला तुमची बाजू जास्त मजबूत वाटते, फक्त ती मांडायला हवी होती. राजपत्रात प्रत्येक प्रभागाची व्याप्ती आणि चतुःसीमा येते. वाचायला कंटाळवाणी असते : "पूर्व : अमुक नाल्याने दक्षिणेस तमुक रस्त्यास मिळेपर्यंत, तेथून पुढे सदर रस्त्याने…" ही वाक्यं हातात घेऊन जागेवर चालत जा. अक्षरशः चालत. पुण्याच्या कडेच्या गावांत नकाशावर निळी रेघ असलेले कितीतरी ओढे आता पाईपमधून जातात, वर पार्किंग आहे किंवा अंतर्गत रस्ता आहे. आंबील ओढ्यासारखा, पात्र असलेला, पावसाळ्यात अंगावर येणारा ओढा ही खरी सीमा. पाईपात गेलेला ओढा सीमा म्हणून वापरला असेल तर त्याचे दोन फोटो आणि जागेचा नकाशा जोडून लिहायचं की इथे नैसर्गिक अडथळा उरलेला नाही, उलट पंचवीस मीटरवर विकास आराखड्यातला मोठा रस्ता आहे, तो सीमा धरावा. अशा हरकतीला "नैसर्गिक सीमा" हे उत्तर देता येत नाही. अभिप्राय लिहिणाऱ्याला जागेवर यावंच लागतं.

आणि तुमच्या अर्जात आणखी एक गोष्ट नव्हती, जी मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला आधी विचारतो : तुमच्या मते रेघ कुठून जावी? "आम्हाला शेजारच्या प्रभागात टाका" ही मागणी झाली. नव्या सीमेचं वाक्य तुम्हीच लिहून द्यायचं असतं, राजपत्रात येतं तशाच भाषेत. कोणते गट बाहेर जातात, कोणते आत येतात, दोन्ही प्रभागांची आधीची आणि नंतरची लोकसंख्या, अनुसूचित जाती-जमातींचे आकडे बदलतात का. एक पान पुरतं. त्या पानाला एक नकाशा, त्यावर जुनी रेघ काळी आणि नवी लाल. हे दिलंत तर अभिप्राय लिहिणाऱ्याचं काम फक्त तपासणीचं उरतं, आणि मान्य करण्यात त्याला धोका दिसत नाही. सरकारी टेबलावर बसलेल्या माणसाला धोका किती दिसतो यावर बरंच ठरतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं तिथे कोणाचा तरी हात असतो.

हात नसतो असं मी म्हणत नाही. रचना कोणाच्या तरी सोयीची होते, पुण्यात तर प्रत्येक वेळी झाली आहे. २००७ मध्ये एक सदस्याचा वॉर्ड, २०१२ मध्ये दोनचा प्रभाग, २०१७ मध्ये चारचा, २०२२ मध्ये तीनचा करून ५८ प्रभाग नि १७३ सदस्य जाहीर झाले. ते वापरलेच गेले नाहीत, सरकार बदललं आणि पुन्हा चारवर आलो. पण हरकतीच्या अर्जात "ही रचना अमक्या माननीयांच्या सोयीसाठी केली आहे" असं लिहिलं की ती हरकत मेली. हेतू सिद्ध करता येत नाही. नियम मोडलेला मात्र दाखवता येतो. प्रगणक गट विनाकारण तुटला आहे, दलित वस्ती दोन प्रभागांत गेली आहे, सीमा मोठा रस्ता सोडून गल्लीबोळातून वळसा घालते आहे, असं काही असेल तर तेवढंच लिहा. वळसा का घातला हे वाचणाऱ्याला कळतं, सांगावं लागत नाही.

अनुसूचित जातींच्या वस्तीबद्दल जरा सावध राहा. सीमा ठरल्यावर आरक्षण येतं, आणि अनुसूचित जातींच्या २२ जागा ज्या प्रभागांत त्यांच्या लोकसंख्येचं प्रमाण जास्त त्या क्रमाने ठरतात. त्यामुळे एखादी वस्ती इकडची तिकडे करण्याची मागणी आली की, अर्जदाराच्या मनात काही असो वा नसो, तिच्याकडे संशयाने पाहिलं जातं. तुमच्या बदलात असा गट येत असेल तर आकडे आधीच मांडा.

आता मुख्य सभेच्या ठरावाचं. प्रभागाच्या सीमा ठरवण्यात मुख्य सभेला काही अधिकार नाही. २०२२ पूर्वी हे काम राज्य निवडणूक आयोगाच्या आदेशाने चालायचं. मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने कायदा बदलून ते राज्य सरकारकडे घेतलं. दोन्ही पद्धतींत महापालिकेची भूमिका प्रशासनाची, म्हणजे आयुक्त आणि त्यांच्या निवडणूक कार्यालयाची. सभागृहाची नाही. तुम्ही चारही नगरसेवकांना पटवून एकमताने ठराव करून घेतलात, तर तो शासनाकडे शिफारस म्हणून जाईल आणि तिथे फाईलला लागेल. हरकतींच्या मुदतीत नगरसेवकाने अर्ज दिला तर तोही एकच अर्ज. मागच्या रचनेच्या वेळी तर सभागृहच नव्हतं. १५ मार्च २०२२ पासून प्रशासक होते, मुख्य सभाही तेच आणि स्थायी समितीही तेच, त्यामुळे प्रारूपावर लोकनियुक्त महापालिकेचं म्हणणं असं काही अस्तित्वातच नव्हतं. पक्षांनी, माजी नगरसेवकांनी, गावांतल्या कृती समित्यांनी जे काही म्हटलं ते हरकत म्हणूनच.

लोक गोंधळतात ते दुसऱ्या एका गोष्टीमुळे. महापालिकेची बाहेरची हद्द बदलायची असेल तर कायद्यात महापालिकेशी विचारविनिमय करण्याची तरतूद आहे, तिथे ठरावाला स्थान असतं. २०२१ च्या जूनअखेर तेवीस गावं आली, पुढे फुरसुंगी आणि उरुळी देवाची बाहेर काढून नगरपरिषद झाली, ज्याची प्रारूप अधिसूचना २०२३ ची आणि अंतिम सप्टेंबर २०२४ ची. ही हद्दीची प्रकरणं. पूर्वेकडे वेगळी महापालिका करावी ही मागणी हडपसर-वाघोलीकडून अधूनमधून येते, तीही हद्दीचीच. तुमच्या नगरसेवकांनी त्यावर सभागृहात बोलणं अर्थपूर्ण आहे. शहराच्या आतली एक रेघ पन्नास मीटर सरकवण्यावर बोलणं हे भाषण होईल, बातमीही येईल, काम होणार नाही.

कोर्टाचं लोक विचारतातच. संविधानाच्या २४३ झेडजी कलमाने प्रभाग रचनेच्या कायद्याला न्यायालयात आव्हान देण्यावर मर्यादा आहे. अगदी मनमानी दिसली तर न्यायालयं लक्ष घालतात, पण एका सोसायटीची शाळा रस्त्यापलीकडे आहे एवढ्यावर नाही. त्यातून इथे सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ ला निवडणुका लवकर घ्या असा आदेश दिलेला होता. त्या घाईत कोणतंही न्यायालय रचना थांबवणार नव्हतं. वकिलाची फी वाचवा.

आता तुमचा खरा प्रश्न, पुढच्या वेळी काय. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण पुढची वेळ आलेली आहे आणि ते कोणाच्या लक्षात आलेलं नाही. पुढची महापालिका निवडणूक वेळेवर झाली तर २०३१ मध्ये. त्याआधीची रचना नव्या जनगणनेवर होईल. तिचा घरयादीचा टप्पा एप्रिल ते सप्टेंबर २०२६ दरम्यान, माणसं मोजण्याचा फेब्रुवारी २०२७ मध्ये, आणि संदर्भ दिनांक १ मार्च २०२७. जनगणनेसाठी शहराचे गट पाडले जातात, प्रत्येक गट साधारण सहा-सातशे माणसांचा, एका प्रगणकाला झेपेल एवढा. तेच गट २०३१ च्या प्रभागांच्या विटा. वीट शक्यतो फोडायची नाही असा नियम असल्याने, तुमची सोसायटी कोणत्या विटेत पडली यावर ती कोणत्या प्रभागात जाऊ शकते हे बऱ्याच अंशी ठरून जातं. हरकतीचा महिना येतो तेव्हा विटा भाजून झालेल्या असतात.

म्हणून घरयादीचा प्रगणक दारात येईल तेव्हा वॉचमनने त्याला गेटवर अडवून "सचिवांना विचारून सांगतो" म्हणू नये, एवढं आधी बघा. हे हसण्यासारखं वाटेल, पण मोठ्या सोसायट्यांत गणना बुडते ती गेटवर. प्रगणक बहुधा शिक्षक किंवा महापालिकेचे कर्मचारी असतात, शाळा सुटल्यावर येतात, दोनदा परत पाठवले की तिसऱ्यांदा येण्याचा उत्साह राहत नाही. एका कमिटी सदस्याला त्यांच्याबरोबर फिरायला द्या. प्रत्येक विंगमध्ये भाड्याने राहणारी कुटुंबं किती, आयटीतली चार मुलं एका सदनिकेत राहतात ती मोजली गेली का, हे बघा. ती चार मुलं मतदार इथले नसतील. प्रभागाच्या हिशोबात मात्र ती इथलीच धरली जातात. बिल्डरकडे पडून असलेल्या रिकाम्या सदनिका रिकाम्याच लिहिल्या जाऊ देत.

मग गट कसा पडला ते विचारा. तुमची सोसायटी एवढी मोठी आहे की तिचे दोन गट होऊ शकतात. तसे झाले तर दोन्हींची हद्द तुमच्या कुंपणाशी जुळते का, की एका गटात तुमच्या दोन विंग आणि ओढ्यापलीकडची चाळ एकत्र घातली आहे? तसं असेल तर तेव्हाच क्षेत्रीय कार्यालयाला लेखी कळवा, पोच घ्या. बदलतीलच असं नाही. पण २०३० मध्ये तुम्ही "गट चुकीचा पडला होता" म्हणाल तेव्हा हातात २०२६ ची पोच असेल, आणि अशी पोच अभिप्राय लिहिणाऱ्याच्या हातात फार क्वचित पडते.

एक गोष्ट मात्र उलट फिरणार आहे हेही ध्यानात ठेवा. मघाशी सांगितलेली फट, म्हणजे हिशोबात तुमचं वजन नगण्य आहे ही, नव्या जनगणनेनंतर बंद होईल. तुमच्या हजार-बाराशे माणसांचं वजन हजार-बाराशेच असेल, आणि तुम्हाला हलवायचं तर कुठेतरी तेवढी भरपाई करावी लागेल. पण तुमच्यासारख्या सगळ्याच कडेच्या भागांची लोकसंख्या फुगून येणार असल्याने तिकडचे प्रभाग आकाराने लहान होतील आणि पेठांकडचे मोठे. आज तुमच्या प्रभागात महंमदवाडीपासून गावठाणापर्यंत जे जे कोंबलंय ते तेव्हा एकत्र राहणार नाही. रेघा नव्याने, मोठ्या प्रमाणात पडणार आहेत. अशा वेळी एकट्या सोसायटीची लाल रेघ कोणी फारशी बघणार नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या आठ-दहा सोसायट्या, गावठाणातली मंडळी आणि वस्तीतली माणसं मिळून एका प्रभागाचा अख्खा प्रस्ताव देऊ शकलात तर त्याला किंमत असेल. गावातल्या लोकांशी बोलणं सोसायट्यांना जड जातं, मला माहीत आहे. पण प्रारूप प्रसिद्ध होण्याआधी स्थानिक भूगोल कोणाला विचारला जात असेल तर तो त्यांनाच, तुम्हाला नाही.

शेवटचं, कारण दर वेळी लोक इथे फसतात. रचना अंतिम झाल्यावर मतदार याद्या प्रभागांनुसार फोडल्या जातात, आणि त्यावर पुन्हा वेगळ्या हरकती मागवल्या जातात, यावेळी नोव्हेंबर-डिसेंबर २०२५ मध्ये मागवल्या तशा. त्यांचा विषय एवढाच : राजपत्राप्रमाणे तुम्ही एका प्रभागात आहात आणि नाव दुसऱ्याच्या यादीत गेलं आहे का. तुमच्या ३८० सदनिकांपैकी काही नावं अशी चुकून रस्त्यापलीकडच्या यादीत गेली असतील तर "बरं झालं, आम्हाला तिकडेच जायचं होतं" म्हणून गप्प बसू नका. आधी जुनी विभागलेली यादी उघडून विंगनिहाय नावं जुळवून घ्या आणि किती नावं कुठे गेली त्याची एक तक्ता-वही करा. ती वही आणि नव्या गटाची पोच एकाच फाईलला लावा. कमिटी बदलली की फाईल पुढच्या सचिवांकडे सही घेऊन द्या. २०२५ च्या हरकतीची प्रत सोसायटीच्या ऑफिसात आहे का, तेही या रविवारी बघून घ्या.